‘शुद्ध तेल’ म्हणजे रिफाइंड की घाण्याचं?

विचारणा: तिळाच्या तेलाच्या लेबलांचं मराठी करतोय. ‘रिफाइंड’ला ‘शुद्ध केलेले’ लिहायला गेलो, तर त्याच कंपनीच्या घाण्याच्या बाटलीवर ‘शुद्ध’ आधीच छापलंय. ‘परिष्कृत’ दुकानात कोण म्हणतं? ‘गाळीव’ चालेल का?

प्रतिसाद: ‘गाळीव’ नको. तेलबियांचं गाळप म्हणजे बी पिळून तेल काढणं, आणि तेल गाळणं म्हणजे त्यातला साका काढणं. दोन्ही कामं घाण्यावरच उरकतात. डबल फिल्टर तेल गाळीवच असतं, तरी त्याचा वास-रंग जागेवर असतो.

रिफायनरीचं काम त्यानंतर सुरू होतं. आधी पाणी किंवा आम्ल घालून लेसिथिनसारखे चिकट पदार्थ वेगळे करतात. कॉस्टिक सोड्याने तेलातली मोकळी मेदाम्लं साबण होऊन निघतात. मग गरम तेलात ब्लीचिंगची माती घालतात, ती कॅरोटीन आणि हरितद्रव्य शोषते. शेवटी निर्वातात, २०० अंशांच्या वर, तेलातून वाफ सोडतात. वास जातो, त्याबरोबर टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व आणि स्टेरॉलं यांचाही काही भाग जातो. हा उडालेला माल फेकत नाहीत बरं का, त्यातून ई जीवनसत्त्व काढून विकतात!

‘शुद्ध’ म्हटलं की गिऱ्हाईक ‘भेसळ नसलेलं’ असंच समजणार. वरच्या कामांशी त्याचा काही संबंध नाही.

प्रतिसाद: मग रिफाइंडमध्ये काही उरतच नाही का? आमच्याकडे वर्षानुवर्षं रिफाइंड करडई आहे.

प्रतिसाद: उरतं की. नेहमीच्या करडईच्या तेलात ७०-७५ टक्के लिनोलेइक आम्ल (एक मेदाम्ल) असतं, ते रिफाइंड केल्यावरही जवळपास तेवढंच राहतं. उलट बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, घाण्याच्या तेलात उतरू शकतं, ते रिफाइंड करताना सोड्याच्या टप्प्यावर निघतं. ‘घाण्याचं ते सगळं चांगलं’ हे मला पटत नाही.

तिळाचं प्रकरण मात्र वेगळं आहे. त्यात सेसमिन आणि सेसमोलिन ही लिग्ननं, म्हणजे वनस्पतींत आढळणारी एका प्रकारची संयुगं, असतात. ब्लीचिंगच्या आम्लधर्मी मातीत सेसमोलिन मोडतं आणि त्यातून सेसमिनॉल तयार होतं; सेसमिनचा काही भाग एपिसेसमिन होतो. म्हणजे इथे ‘नष्ट’ हा शब्दही पुरता बसत नाही. डालड्यात तिळाचं तेल मिसळायची कायद्याने सक्ती होती ना, ती याच सेसमोलिनच्या जोरावर. साजूक तुपात डालड्याची भेसळ असली, तर फरफ्युरल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हलवल्यावर आम्लाचा थर लालगुलाबी होतो. ब्लीच केलेल्या तिळाच्या तेलात हा रंग फिका येतो.

प्रतिसाद: जवसाच्या तेलावर ‘लिग्ननयुक्त’ पाहिलंय. तेही असंच?

प्रतिसाद: नाही. जवसाचं लिग्नन तेलात फारसं उतरतच नाही, पेंडीत राहतं. घाण्यावर काढा नाहीतर कारखान्यात. ते हवं असेल तर जवसाची चटणी खावी.

विचारणाऱ्यांसाठी: ‘रिफाइंड’ तसंच ठेवा आणि खाली बारीक अक्षरात ‘वास व रंग काढलेले’ लिहा. दुसऱ्या बाटलीवर ‘लाकडी घाण्याचे, फक्त गाळलेले’. ‘शुद्ध’ दोन्हींवरून उडवा.

विचारणा: ‘काढलेले’ कंपनीच्या गळी उतरणं कठीण. ‘निर्गंध’ सुचवून बघतो.