कमाई, पद, वस्तू यांच्यावर न टेकलेलं समाधान : रोज नेमकं काय करायचं?

मोकळं_पान
ध्येय गाठलं की थोडे दिवस बरं वाटतं, मग मन पुढच्या ध्येयामागे लागतं. हवीहवीशी वस्तू घरात आली की काही आठवड्यांत तिच्याकडे लक्षही जात नाही. ‘समाधान आत शोधा’ हे पटतं, पण शोधायचं म्हणजे बसून काय करायचं, हे कुणी सांगत नाही. कृतज्ञतेची वही (ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं त्या गोष्टी लिहून ठेवणं), ध्यान, वस्तू कमी करणं हे उपाय सगळीकडे सुचवले जातात. ते कसे करायचे, किती वेळा करायचे आणि बऱ्याच जणांचे ते अर्ध्यावर का सुटतात? आणखी एक शंका आहे : समाधानी झाल्यावर माणूस कामात ढिला पडत नाही का? तत्त्वज्ञान थोडं आणि कृती जास्त सांगाल तर बरं होईल.

अर्धविराम
आधी ते समाधान का विरतं ते पाहू, म्हणजे उपायांमागचं कारण कळेल.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत एक गोष्ट स्पष्ट दिसली. अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेतवल्या जात. रस मिळण्याआधी ठरावीक खूण होते हे माकड शिकलं, की त्या पेशी खुणेलाच प्रतिसाद देत. अपेक्षेप्रमाणे रस आला तर त्या वेळी वेगळं काही होत नसे. ठरलेली बढती मिळाल्यावर मन सपाट का वाटतं, याचा बराचसा खुलासा यात आहे. त्यात मेंदू-अभ्यासक केंट बेरिज यांच्या संशोधनाची भर घाला : एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर आवडणं, या मेंदूत बऱ्याच अंशी वेगळ्या यंत्रणा आहेत. त्यामुळे ओढ प्रचंड असली तरी आनंद तेवढाच मोठा असेल असं नाही. ओढीच्या जोरावरून सुखाचा अंदाज बांधला की तो चुकतो.

मात्र ‘पैशाने काही फरक पडत नाही’ या टोकाला जाऊ नका. १९७८ चा लॉटरी विजेत्यांचा अभ्यास सगळे सांगतात. त्यात २२ विजेते इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नव्हते आणि साध्या रोजच्या गोष्टींतून त्यांना कमी आनंद मिळत होता. पण तो नमुना फारच लहान होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनमधल्या खूप मोठ्या अभ्यासात मोठी बक्षिसं मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं एकंदर समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलं दिसलं. रोजच्या आनंदावर आणि मानसिक आरोग्यावर परिणाम त्याहून बराच कमी होता. म्हणून ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे किंवा ज्याचं घरभाडं थकलं आहे, त्याला अंतर्मुख होण्याचा सल्ला देणं मला क्रूर वाटतं. त्याने आधी ती अडचण सोडवावी.

नदीकाठ
कृतीच विचारली आहे म्हणून थेट तिथून सुरू करतो. माझ्या मते पहिलं काम म्हणजे स्वतःच्या अटी कागदावर आणणं. बाकीचे उपाय यानंतर.

वीस मिनिटं मोकळी काढा. कागदावर ‘… झालं की मी निवांत होईन’ हे वाक्य दहा वेळा लिहा, दर वेळी रिकामी जागा वेगळ्या गोष्टीने भरा. पहिली चार-पाच वाक्यं सगळ्यांची सारखीच निघतात : पगार, घर, वजन, मुलांचं शिक्षण. खरी वाक्यं सहाव्या-सातव्यानंतर येतात, म्हणून मध्येच थांबू नका. मग प्रत्येकासमोर एक शब्द लिहा : ही अट माझ्याकडून काय मागते आहे? सुरक्षितता, मोकळीक, कुणाची तरी पसंती, की कुणाशी तरी बरोबरी?

सुरक्षितता आणि मोकळीक यांच्यावर काम करायचं असतं : बचत, आरोग्य, कामाचे तास. त्यांना ध्यानाने उत्तर मिळत नाही. पसंती आणि बरोबरीच्या अटींचं तसं नाही. त्या पुऱ्या झाल्या तरी संपत नाहीत, कारण पसंती देणारी माणसं बदलतात आणि बरोबरीची रेषा पुढे सरकते. पुढचा सराव या दोन प्रकारांसाठी आहे.

आठवड्यातून एक काम असं करा जे कुणालाही कळणार नाही. साधारण तासाभराचं, नीट मन लावून केलेलं. फोटो नाही, उल्लेख नाही, ‘सहज विषय निघाला म्हणून’ सांगणंही नाही. पहिल्या काही वेळा हात शिवशिवतात : कुणाला तरी दाखवावंसं वाटतं. ती शिवशिव नेमकी कधी उठते हे पाहायचं आहे. काम सुरू असताना उठते की संपल्यावर? कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो? बहुतेकांना एक-दोनच चेहरे दिसतात, आणि एवढं कळलं तरी गाठ बरीच सैल होते.

दुसरं असं की, आवडीचा निदान एक उद्योग मोजमापाबाहेर ठेवा. चालायला जाताना पावलं मोजणारं घड्याळ काढून ठेवा, वाचलेल्या पुस्तकांची यादी थांबवा. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना चित्रासाठी प्रशस्तिपत्र देण्याचं आधीच कबूल केलं होतं. पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांनी चित्रं काढण्यात इतरांपेक्षा बराच कमी वेळ घालवला. ज्यांना बक्षीस न सांगता, अचानक दिलं त्यांच्यात ही घट दिसली नाही. मोठी माणसं स्वतःलाच अशी प्रशस्तिपत्रं कबूल करत असतात.

हा सराव बिघडतो तो एकाच ठिकाणी : ‘सलग इतके आठवडे केलं’ अशी गणती सुरू होते आणि समाधानच नवी कामगिरी बनतं. वस्तू कमी करण्याचंही हेच होतं. कपाट रिकामं केल्याने आवराआवर कमी होते, हा खरा फायदा आहे. पण ‘माझ्याकडे किती कमी आहे’ हे मोजायला लागलात की जुनीच स्पर्धा उलट्या दिशेने सुरू झाली असं समजा.

सांजवात
नदीकाठ यांच्याशी सहमत. कृतज्ञतेच्या वहीबद्दल मी लिहिते, कारण ती सर्वाधिक लोक चुकीच्या मात्रेत घेतात.

रोज लिहू नका. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिरस्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. कारण उघड आहे : रोज लिहिलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘कुटुंब, तब्येत, मित्र’ एवढं खरडून वही मिटते. आठवड्यातून एकदा, दोन किंवा तीनच नोंदी, पण प्रत्येकी चार-पाच ओळींच्या. नोंद प्रसंगाची हवी. ‘बहीण’ असं लिहू नका; ‘बहिणीने फोनवर न विचारताच ओळखलं’ असं लिहा. शेवटी एक ओळ : हे घडलं नसतं तर? ही ओळ गाळू नये. सवयीने मन ज्याला गृहीत धरायला लागलेलं असतं, ते पुन्हा नजरेत येतं ते या ओळीमुळे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. ‘माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत किती जण आहेत’ असं लिहू नका. ती तुलनाच असते, आणि वर अपराधीपणा येतो तो वेगळा. दुसरं, अन्याय होत असेल तर त्यावर कृतज्ञतेचं पांघरूण घालू नका. त्रास देणाऱ्या माणसाबद्दल तक्रार करायची असेल तिथे तक्रारच करावी.

ध्यानाचं थोडक्यात : दहा मिनिटं, श्वासावर लक्ष, मन भटकलं की परत आणणं. शांत वाटायलाच हवं अशी अपेक्षा ठेवली की ते सुटतं. भटकलेलं मन ओळखून परत आणणं हाच व्यायाम आहे, त्यामुळे पन्नास वेळा भटकलं तर पन्नास वेळा सराव झाला. २०१० च्या एका अभ्यासात २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून विचारून पाहिलं, तेव्हा सुमारे ४७ टक्के वेळा त्यांचं मन हातातल्या कामात नव्हतं आणि अशा वेळी ते कमी सुखी होते. मन भटकणं हा तुमचा एकट्याचा दोष नाही.

एक महत्त्वाचं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर ही समाधानाची साधना नव्हे, डॉक्टरांना दाखवण्याची बाब आहे. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, लगेच मदत घ्या.

अर्धविराम
‘ढिला पडेल का’ याचं उत्तर राहिलं होतं. योगातले पाच नियम पाहा : शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. संतोषाच्या लगेच पुढे तप आहे. संतोष म्हणजे जवळ असलेल्या साधनांपेक्षा अधिकाचा हव्यास न धरणं. मेहनत सोडण्याचा त्यात कुठे उल्लेख नाही. आधुनिक पुरावाही याच बाजूचा आहे. २०१२ च्या एका प्रयोगात अवघड चाचणीत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांना स्वतःकडे समजुतीने पाहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी पुढच्या चाचणीचा अभ्यास इतरांपेक्षा जास्त वेळ केला. अपयश म्हणजे स्वतःच्या किमतीवर आलेला निकाल नाही असं वाटलं, की माणूस चुकीकडे सरळ बघू शकतो.

मोकळं_पान
खूप उपयोगी. मग हे जमतं आहे की नाही ते ओळखायचं कसं? मोजायचं तर नाही म्हणता.

नदीकाठ
आकडा नको, खुणा पाहा, त्याही दोन-तीन महिन्यांनी. ओळखीच्या कुणाचं मोठं यश कानावर आलं की पोटात येणारा गोळा पूर्वीपेक्षा लवकर विरतो का? काही विकत घ्यावंसं वाटल्यापासून घेईपर्यंतचं अंतर वाढलं का? रांगेत उभं असताना हात खिशातल्या फोनकडे गेला नाही, असं कधी होतं का? गोळा येणारच नाही अशी वाट पाहू नका, तो येतो. आणि यातली एकही खूण दिसत नसेल तर सराव वाढवू नका. अटींचा कागद पुन्हा काढा. बहुधा एखादी अट ‘सुरक्षितता’ म्हणून लिहिलेली असते, पण ती मागत असते पसंतीच.