कार्डाचे पॉइंट एअर माइल्समध्ये (एअरलाइनच्या पॉइंटांमध्ये, ज्यांवर विमानाचं तिकीट निघतं) फिरवावेत की सरळ कॅशबॅक घ्यावा?

वाटाड्या:
'आमच्या कार्डावर १:१ दर', म्हणजे एका पॉइंटाला एक माइल, ही जाहिरात वाचून लोक कार्ड घेतात. नुसता दर काहीच सांगत नाही. एका कार्डावर शंभराच्या खर्चाला एक पॉइंट आणि दर १:१. दुसऱ्यावर शंभराला चार पॉइंट, पण दर २:१, म्हणजे दोन पॉइंटांना एक माइल. पहिल्यावर शंभरामागे एक माइल पडतो, दुसऱ्यावर दोन! आधी हा आकडा काढा. मग तिकिटाचं रोख भाडं घ्या, अवॉर्ड तिकिटावर, म्हणजे माइल्स देऊन काढलेल्या तिकिटावर, वेगळे भरावे लागणारे कर त्यातून वजा करा आणि उरलेल्याला लागणाऱ्या माइल्सनी भागा. ही एका माइलची किंमत. बिझनेस क्लासला ती इतकी चढते की कॅशबॅक जवळपासही येत नाही.

निशिगंधा:
भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष नाही. बिझनेस क्लासचं भाडं तुम्ही खिशातून कधी भरलं असतं का? जे तिकीट विकत घेतलंच नसतं, त्याचं भाडं बचत म्हणून कसं धरायचं? शिवाय कॅशबॅक एकदा खात्यात आला की त्याला कुणी हात लावू शकत नाही. माइल्सचं मोल मात्र एअरलाइन ठरवते. अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइनने २०१५ मध्ये अवॉर्ड चार्ट, म्हणजे कुठल्या प्रवासाला किती माइल्स हे सांगणारा तक्ताच काढून टाकला, तिथल्याच युनायटेडने २०१९ मध्ये. किती माइल्स लागतील हे आधी कळायची सोयच गेली. वर्षानुवर्षं साठवणाऱ्यांनी काय करायचं?

वाटाड्या:
साठवायचेच नाहीत! आणि भाड्याचा मुद्दा मान्य, तुम्ही खरोखर भरलं असतं तेवढंच धरा. तरी एक गोष्ट तुम्ही सोडताय. माइल्स ज्या एअरलाइनचे, तिच्याच विमानात बसावं लागत नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर माइल्सवर लुफ्तान्साचं तिकीट निघू शकतं, कारण दोन्ही स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटात आहेत. त्याच विमानातल्या त्याच सीटला एका एअरलाइनचा माइल्स प्रोग्रॅम कमी माइल्स घेतो, दुसरा जास्त. पॉइंट बँकेकडे असेपर्यंत यातला कुठलाही निवडता येतो. हे स्वातंत्र्य कॅशबॅकमध्ये नाही.

मुक्ता_प:
ते स्वातंत्र्य ट्रान्सफरचं बटण दाबेपर्यंतच. एकदा माइल्स झाले की सहसा परत पॉइंट होत नाहीत. क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांत संपतात. काही ट्रान्सफर लगेच होतात, काहींना दिवस लागतात आणि तोवर सीट गेलेली असते. म्हणून आधी सीट शोधा, मगच फिरवा. टप्पेही बघा. मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय पॉइंटांचा दर बहुतेक एअरलाइन्सना ३:१ आहे, पण एकदम ६०,००० फिरवले तर २०,००० माइल्सवर अनेक ठिकाणी ५,००० बोनस मिळतो. आणि सरचार्ज, म्हणजे तिकिटावर रोख घेतला जाणारा जादा आकार! 'फुकट' तिकिटावर एखादी एअरलाइन एवढा सरचार्ज लावते की माइल्स न वापरलेलेच बरे.

निशिगंधा:
हेच तर मी म्हणतेय. सीट शोधा, प्रोग्रॅम ताडून बघा, सरचार्ज तपासा, मुदत सांभाळा... तारखा पुढेमागे करू शकणाऱ्या एकट्या माणसाला हे जमेल. मुलांच्या सुट्टीतच निघावं लागणाऱ्या चौघांना एकाच विमानात चार अवॉर्ड सीट मिळणं फार कठीण. त्यांना माइल्सचं कार्ड घ्या असं मी सांगणार नाही.

वाटाड्या:
चौघांच्या बाबतीत पटलं. पण दोघंच प्रवास करणारे असतील आणि तारखा हातात असतील, तर त्यांना कॅशबॅक घ्या असं मीही सांगणार नाही.