नमाजच्या शेवटचा सलाम कुणाला?

राबोडी, ठाणे: नमाज संपताना आधी उजवीकडे, मग डावीकडे मान वळवून सलाम करतात. तो खांद्यांवरच्या फरिश्त्यांना (देवदूतांना) का?

मुंब्रा: त्यांना आणि शेजारच्या नमाजींनाही. कर्मं लिहिणारे ते किरामन कातिबीन; कुराणात सूरा (अध्याय) ८२, आयत (वचन) १० ते १२ जरूर वाचा. जिब्रील पैगंबरांकडे अल्लाहचा संदेश आणतात, मिकाईलकडे पाऊस आणि रोजी, इस्राफील कयामतीला (जगाच्या अंताला) सूर म्हणजे कर्णा फुंकतील.

नेरूळ: मग इब्लीस (सैतान)? फरिश्ता असून त्याने अल्लाहचा हुकूम मोडला?

मुंब्रा: इथेच बहुतेकांची गल्लत होते. फरिश्ते नूरचे (प्रकाशाचे) बनलेले, जिन आगीचे. सूरा १८, आयत ५० इब्लीसला जिन म्हणते. काही जुने भाष्यकार त्याला फरिश्त्यांत धरतात, पण मला आयतच निर्णायक वाटते. फरिश्ते अल्लाहची आज्ञा मोडत नाहीत (सूरा ६६, आयत ६).

राबोडी, ठाणे: म्हणजे त्यांच्याकडे दुआ मागायची नाही?

कौसा: नाही. दुआ फक्त अल्लाहकडे. फरिश्त्यांवर ईमान (श्रद्धा) ठेवायचं, त्यांची इबादत (उपासना) करायची नाही.