ओपनरेस्टी: ३० ची मर्यादा लावली तरी शंभर रिक्वेस्ट आत कशा येतात?

कांदाचाळ:
नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीची साइट मी बघतो. साइट म्हणजे मुळात एकच पान: आजचा कांदा, किमान, कमाल, सरासरी, क्विंटलमागे रुपयांत. मागे दुसऱ्या मशिनवर पान तयार करणारे अपाचे आणि पीएचपी, पुढे ओपनरेस्टी, म्हणजे लुआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा आत बसवलेला एनजिनएक्स वेब सर्व्हर. सकाळी लिलाव सुरू झाला की पानावर झुंबड उडते. त्यात भाव दाखवणारी दोन-तीन ॲप्स आमचं जेसन (ॲप्सना वाचता येईल अशा रूपातले भाव) सेकंदा-सेकंदाला ओढतात. मग समितीच्या ऑफिसातून फोन येतो की भाव भरायचंच पान उघडत नाही.

म्हणून लुआत मर्यादा लिहिली. मॉड्यूलच्या वरती एक रिकामं टेबल, आयपी (रिक्वेस्ट पाठवणाऱ्याचा पत्ता) ही त्याची किल्ली. 'ॲक्सेस बाय लुआ ब्लॉक'मध्ये, म्हणजे आत सोडायचं की नाही हे ठरतं त्या टप्प्यात, आकडा एकने वाढवायचा, मिनिटात ३० च्या वर गेला की ४२९ ('फार रिक्वेस्ट झाल्या' हा कोड) देऊन बाहेर. (नावं देवनागरीत लिहितोय, अंडरस्कोर जिथल्या तिथे समजून घ्या.) घरून कर्लने (कमांडवरून रिक्वेस्ट पाठवणारं साधन) मारून बघितलं तर कधी ४० ला अडतो, कधी शंभराच्या पुढे जातो. वर्कर ४ आहेत.

कोड लवकर बदलता यावा म्हणून 'लुआ कोड कॅश' ऑफ केला, तर मर्यादा लागतच नाही. आणि 'लॉग बाय लुआ'मधून, म्हणजे शेवटच्या नोंदीच्या टप्प्यातून, रेडिस या डेटाबेसला आकडे पाठवायला गेलो तर 'एपीआय डिसेबल्ड' अशी एरर येते. तोच कोड ॲक्सेसमध्ये बिनतक्रार चालतो.

रात्रपाळी:
तिन्ही गोष्टी लुआ एनजिनएक्सच्या आत कुठे बसतो त्याच्याशी निगडित आहेत.

वर्कर म्हणजे वेगळी प्रोसेस, आणि प्रत्येक वर्करचा लुआ व्हीएम (लुआ कोड जिथे चालतो ती जागा) स्वतःचा. मॉड्यूलमधलं टेबल त्या एका वर्करपुरतं. चार गेटांवर चार वॉचमन, प्रत्येकाची वही निराळी. ३० चा नियम चौघेही पाळतात, आत १२० जातात. कोणती रिक्वेस्ट कोणत्या वर्करकडे पडेल याचा नेम नाही, म्हणून तुम्हाला कधी ४० दिसतात, कधी शंभर. कोड कॅश ऑफ केलात की दर रिक्वेस्टला नवा व्हीएम, म्हणजे टेबलही कोरं. आकडा १ च्या पुढे जाणार कसा? ती सोय फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर वापरायची. सर्व्हरवर कोड बदलला की रीलोड द्या, संपलं.

सगळ्या वर्करांत एकच आकडा हवा तर 'लुआ शेअर्ड डिक्ट', म्हणजे सगळ्यांची मिळून एकच वही. एचटीटीपी ब्लॉकमध्ये १० एमबीचा जाहीर करा आणि त्याचं 'इन्कर' वापरा: किल्ली, १, सुरुवात ०, मुदत ६० सेकंद. आधी 'गेट'ने वाचायचं मग 'सेट'ने लिहायचं असं दोन पायऱ्यांत करू नका, मधल्या फटीत दुसरा वर्कर घुसतो. 'इन्कर' एका दमात होतं. रीलोडनंतरही डिक्टमधले आकडे राहतात, हे टेस्ट करताना ध्यानात असू द्या, नाहीतर उगाच डोकं खाजवत बसाल.

लॉगचं असं की त्या फेजमध्ये (टप्प्यात) लुआला थांबून वाट बघता येत नाही, म्हणून कोसॉकेट (लुआतून बाहेर केलेली नेटवर्क जोडणी) बंद असतात. सेट, हेडर फिल्टर, बॉडी फिल्टर इथेही तेच. लोक यावर 'टायमर ॲट' शून्य सेकंदाचा लावतात, म्हणजे तेच काम रिक्वेस्टच्या बाहेर चालतं. चालतं, पण दर रिक्वेस्टला एक टायमर लावलात तर गर्दीत अंगाशी येईल: एकावेळी चालणाऱ्या टायमरांची मर्यादा मुळात २५६ आहे. त्यापेक्षा लॉगमध्ये फक्त शेअर्ड डिक्टमधला आकडा वाढवा. 'इनिट वर्कर'मध्ये (वर्कर सुरू होताना चालणारा कोड) 'टायमर एव्हरी' १० सेकंदांचा, तोही वर्कर आयडी ० असेल तरच, आणि तिथून सगळे आकडे एकदम रेडिसला. काम झालं की 'सेट कीपअलाइव्ह' (जोडणी पुढच्या वेळेसाठी उघडी ठेवायची), क्लोज नको.

आता माझा खरा आक्षेप. आयपीवर मर्यादा लावून तुम्ही अडवताय कोणाला? शेतकरी पान मोबाइलवरून बघतो. मोबाइल कंपन्यांकडे आयपीव्ही४ पत्ते अपुरे, त्यामुळे एका पत्त्यामागे ढीगभर ग्राहक असतात. तुमच्या सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता नसेल तर सगळे त्याच मोजक्या पत्त्यांतून येणार. लिलावाच्या वेळी एका पत्त्यावरून मिनिटात ३० केव्हाच ओलांडले जातील. काउंटर आज नीट चालत नाहीये म्हणूनच तुमचं निभावतंय. दुरुस्त करा, उद्या सकाळी ट्रॅक्टरवरून ४२९ च्या तक्रारी सुरू.

ताम्हिणी:
शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. पण मग लुआ हवाच कशाला? भाव दहा सेकंद जुना दिसला तर कोणाचं काय बिघडतं? 'प्रॉक्सी कॅश' लावा, म्हणजे तयार पानाची प्रत एनजिनएक्सच ठेवतो; २०० (यशस्वी उत्तर) साठी १० सेकंद. सोबत 'कॅश लॉक' ऑन, म्हणजे एकच रिक्वेस्ट मागे जाते आणि बाकीच्या थांबतात. 'यूज स्टेल'मध्ये अपडेटिंग, म्हणजे नवं पान येईपर्यंत जुनं दिलं जातं. अपाचेला मिनिटाला सहा-सात रिक्वेस्ट दिसतील, बाहेर हजार असोत नाहीतर लाख.

एक खोच आहे. पीएचपीत सेशन स्टार्ट (प्रत्येक पाहुण्याची वेगळी ओळख ठेवणं) असेल तर उत्तरात सेट-कुकी आणि नो-स्टोअर ('साठवू नका') दोन्ही येतात, आणि एनजिनएक्स ते उत्तर कॅश करत नाही. भावाच्या पानाला सेशन लागत नसेल तर पीएचपीतूनच काढा. 'इग्नोर हेडर्स'ने दामटता येतं, पण मग 'हाइड हेडर'ने कुकीसुद्धा झाका. नाहीतर एकाची कुकी सगळ्यांना वाटली जाईल.

ॲप्सना आवरायचं तर प्रत्येकाला एक 'की' (ओळखीचा कोड) द्या आणि वेगावर मर्यादा घालणारं एनजिनएक्सचंच 'लिमिट रेक' वापरा. तुमचा मिनिटाचा हिशोब ५९ व्या सेकंदाला ३० आणि ६१ व्याला पुन्हा ३० सोडतो. लिमिट रेक ठरावीक वेगाने सोडतं. मुळात ते ५०३ ('सेवा उपलब्ध नाही') देतं, 'लिमिट रेक स्टेटस' ४२९ करून घ्या.

रात्रपाळी:
ताम्हिणी, बरोबर. पण ही 'की' नुसती हेडरमध्ये पाठवली तर दुसऱ्या दिवशी चार जणांकडे असेल. सही तपासायची तर लुआ हवा, आणि तेवढ्यापुरताच हवा. 'रीराइट बाय लुआ'मध्ये एचमॅक (गुपित वापरून केलेली सही) जुळवा. जुळला नाही तर ४०३ (मनाई), जुळला तर ॲपचं नाव एका व्हेरिएबलमध्ये टाका. व्हेरिएबल आधी 'सेट'ने रिकामं जाहीर करावं लागतं. लिमिट रेकची किल्ली तेच व्हेरिएबल. लिमिट रेक रीराइटच्या नंतर आणि ॲक्सेसच्या आधी चालतं, म्हणून हा कोड ॲक्सेसमध्ये टाकून उपयोग नाही, तोवर मोजणी होऊन गेलेली असते. किल्ली रिकामी असेल तर ते मोजतच नाही.

सहीचं गुपित एन्व्हायर्नमेंटमध्ये (सिस्टिमने प्रोसेसला दिलेल्या व्हेरिएबलमध्ये) ठेवणार असाल तर कॉन्फिगच्या अगदी वरती 'एन्व्ह' लिहून त्याचं नाव द्या. एनजिनएक्स बाकीची व्हेरिएबल पुसून टाकतो आणि 'गेटएन्व्ह' तुम्हाला निल (रिकामं) देतो. हे फक्त जेसनच्या लोकेशनला. एचटीएमएल पान कोणी खरडत असेल तर खरडू द्या, ते कॅशमधून जातंय. त्याच्या मागे लागण्यात रात्री घालवण्याइतकं ते मोलाचं नाही.

कांदाचाळ:
काउंटर काढून टाकला. सेशन पीएचपीतून काढलं, कॅश लावली. 'अपस्ट्रीम कॅश स्टेटस' हेडरमध्ये टाकून बघतोय: ब्राउझरमधून हिट (कॅशमधून मिळालं), पण एका ॲपच्या रिक्वेस्ट सगळ्या मिस (मागे गेल्या). ॲपवाला शेवटी प्रश्नचिन्ह, टी आणि आत्ताची वेळ जोडतो.

ताम्हिणी:
कॅशची किल्ली मुळात पूर्ण यूआरआय धरते, प्रश्नचिन्हानंतरचं सगळं त्यात आलं. 'प्रॉक्सी कॅश की' स्वतः लिहा: होस्ट, नुसता यूआरआय, आणि पान खरंच वापरतं तेवढेच आर्ग्युमेंट. तुमच्याकडे बहुधा तारीख आणि शेतमाल. टी गाळला की झालं. भाव भरायच्या पानाचं लोकेशन वेगळं ठेवलंय ना? तिथे कॅश बंद.

कांदाचाळ:
वेगळं आहे, कॅश नाही. किल्लीत तारीख, शेतमाल आणि आवार घेतलं, कारण उपबाजाराचे भाव निराळे असतात. आता हिट येतंय. एचमॅक ॲपवाल्यांशी बोलून झाल्यावर.