'मानसिकदृष्ट्या' आणि 'मानसशास्त्रीयदृष्ट्या' एकच का?

दिवेआगरकर: परवा गावच्या सभेत पाहुणे निसर्ग वादळाबद्दल बोलले. 'बागायतदार मानसशास्त्रीयदृष्ट्या खचला' असं तीन-चारदा म्हणाले. मला ते खटकलं. ३ जून २०२० ला आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. त्यानंतर चार दिवस वडील पडवीत बसून होते, कोणाशी बोलले नाहीत. मन खचलं होतं त्यांचं, त्यात शास्त्र कुठून आलं? 'मानसशास्त्रीयदृष्ट्या' म्हणजे त्या शास्त्राच्या नजरेतून. तिथे 'मानसिकदृष्ट्या'च हवं.

समुपदेशक, रत्नागिरी: व्याकरण मान्य, पण माझा विरोध आहे. आमच्या शहरात १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. 'याला रत्नागिरीला पाठवा' हे तुम्हीही ऐकलं असेल. 'मानसिक' म्हटलं की घरचे खुर्चीवरून उठतातच. 'मानसशास्त्रीय' म्हटलं की बसून ऐकतात. इंग्रजीत सायकॉलॉजिकली एकच शब्द दोन्हीकडे चालतो, आपल्याकडेही रुळू द्या की.

दिवेआगरकर: मग फरक कशाने सांगणार? 'आजी मानसिकदृष्ट्या खंबीर आहे' हे आजीबद्दल झालं. 'मानसशास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर मुलाच्या हट्टामागे भीती असू शकते' हे अभ्यासाबद्दल. दोन्हीला एकच शब्द लावलात तर दुसरं वाक्य बोलायला शब्दच उरत नाही. 'मानसिक' शब्दाला लोकांनी काळं फासलं म्हणून आपण तो टाकून द्यायचा, हे मला पटत नाही.

मालवणची मास्तरीण: दोघांनीही जरा दमान घ्यावा. 'दृष्ट्या' ही संस्कृतातली 'दृष्टि'ची तृतीया, म्हणजे 'दृष्टीने'. म्हणून मुलं 'मानसिकदृष्ट्याने' लिहितात ते चूकच, आणि 'दृष्ठ्या' तर नकोच. पण मुळात एवढा लांब शब्द कशाला? 'हाय खाल्ली', 'धसका घेतला', 'जीव थाऱ्यावर नाय'. आमच्याकडे बोटीवरून वेळेत न परतलेल्या घोवाच्या बायकोबद्दल कोणी 'मानसिकदृष्ट्या' म्हणत नाही.

समुपदेशक, रत्नागिरी: बाई, बोलताना मीही तेच शब्द वापरते. पण 'हाय खाल्ली' म्हटलं की माणूस हरला असा निकालच लागतो, आणि पुढे उपचाराची गोष्ट काढणं अवघड जातं. शिवाय केसपेपरवर ते लिहिता येत नाही.

दिवेआगरकर: केसपेपरवर 'मानसिकदृष्ट्या खचलेले' लिहा. वडिलांचा कागद असता तर मी तेच लिहायला सांगितलं असतं, आणि त्यांच्यासमोर मोठ्याने वाचूनही दाखवलं असतं.