देशाचं ट्विटर खातं सामान्य नागरिकाकडे सोपवावं का?

दर्यावर्दी: स्वीडनने डिसेंबर २०११पासून देशाचं ट्विटर खातं दर आठवड्याला एका नव्या नागरिकाकडे दिलं. स्वीडिश इन्स्टिट्यूट (देशाची प्रतिमा जगात पोचवणारी सरकारी संस्था) आणि व्हिजिट स्वीडन (पर्यटन संस्था) यांचा हा उपक्रम सप्टेंबर २०१८पर्यंत चालला. नाव दुसऱ्याने सुचवायचं, आणि ट्वीट आधी कुणी तपासायचं नाही. सॉफ्ट पॉवर, म्हणजे धाकाने नव्हे तर आकर्षणाने मिळवलेला प्रभाव, म्हणतात तो हाच. आपल्याकडची बहुतेक दूतावासांची खाती बघा: भेटीगाठींचे फोटो, शुभेच्छा, आणि खाली कुणी काही विचारलं तर उत्तर नाही.

बखरकार: अजिबात पटलं नाही. जून २०१२मध्ये त्या आठवड्याच्या बाईंनी ज्यूंबद्दल एकापाठोपाठ एक असे प्रश्न टाकले की जगभरच्या वर्तमानपत्रांत तेवढंच गाजलं. देशाच्या नावावरचं वाक्य परका माणूस देशाचंच धरणार.

दर्यावर्दी: पण त्यांना मध्येच काढलं नाही, आठवडा पूर्ण करू दिला. ‘आमच्याकडे सेन्सॉर नाही’ हे स्वीडनने जाहिरातीत सांगणं वेगळं आणि अंगावर आल्यावर पाळणं वेगळं.

तिसरीघंटा: तुम्ही दोघं २०१२मध्येच अडकलात. खरा घोळ मे २०१७चा. खातं चालवणाऱ्यांना द्वेष आणि धमक्यांपासून वाचवायचं म्हणून एका तयार यादीवरून सुमारे १४,००० खाती एका फटक्यात ब्लॉक केली. त्यात पत्रकार, राजकारणी, राजदूतसुद्धा निघाले. काही दिवसांत ब्लॉक उठवून माफी मागावी लागली. तयार यादी घाऊक लावली की कोण का अडवला गेला, हे कुणालाच सांगता येत नाही. एकेक खातं अडवा, शेजारी कारण आणि तारीख लिहा, महिन्याने यादी पुन्हा बघा. धमकी आली तर स्क्रीनशॉट आधी, ब्लॉक नंतर. नाहीतर पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. आणि खातं नव्या माणसाकडे जाताना, दर सोमवारी, पासवर्ड बदलून जुनी लॉगिन बंद करा.

बखरकार: एवढं करूनही घर भाड्याचंच, खातं दुसऱ्याच्या कंपनीच्या हातात. मोदींचं वेइबो या ट्विटरसारख्या चिनी समाजमाध्यमावरचं खातं मे २०१५च्या चीन दौऱ्याआधी उघडलं. जुलै २०२०मध्ये ते सोडताना ११५पैकी ११३ पोस्ट हाताने काढाव्या लागल्या. उरलेल्या दोनमध्ये शी जिनपिंग यांच्यासोबतचे फोटो होते. अशी मोठी खाती बंद करायला तिथे वेगळी परवानगी लागते.

दर्यावर्दी: ते मान्य, म्हणून प्रत्येक पोस्टची प्रत आपल्या संकेतस्थळावर ठेवावी. पण वेइबोवरचं ते खातं सरकारीच होतं. तिथे नागरिक लिहीत होते कुठे?