बाळ आलं आणि सुट्टी लागली

धाकटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. थोरला तिसरीत. परिसर अभ्यासाचा पेपर देऊन दप्तरासकट दवाखान्यात आला आणि बाळाकडे बघून म्हणाला, "एवढीशीच?" आता जूनच्या मध्यापर्यंत शाळा नाही. "आई, कंटाळा आला" दिवसातून वीसेक वेळा, आणि दर वेळी नेमका तिचा डोळा लागलेला. घरात तान्हं आणि सुट्टीतली मोठी भावंडं असा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांनी लिहा. सल्ले नकोत, त्यासाठी आमची सोसायटी समर्थ आहे. काय घडलं ते सांगा.

काटोलजवळच्या गावातून, तीन मुलींची आई

आमची तिसरी एप्रिल अखेरची. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला तेव्हा महिन्याची होती. कूलर एकच, तो बाळंतिणीच्या खोलीत. मोठ्या दोघी आठ आणि पाच वर्षांच्या, गोंगाट करतात म्हणून बाहेरच्या खोलीत, पंख्याच्या गरम वाऱ्यात. तिसऱ्या दिवशी पाच वर्षांची दारात उभी राहून रडत म्हणाली, "कूलर काय फक्त तिचाच आहे?" खरं होतं. त्या दुपारी सगळ्यांच्या गाद्या त्याच खोलीत टाकल्या. बाळ गोंगाटातही झोपतं हे आम्हाला तेव्हा कळलं.

सासूबाईंचं एकच पालुपद, "45 डिग्रीत लेकराचा घसा सुकते, दोन चमचे पाणी पाज." आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. 28 व्या दिवशी त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, उन्हाळ्यातही नाही, त्या दुधातच पाणी असतं. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होते ना, मग पुरतंय. हे मोठीनं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं उभे दांडे. एकादशीच्या चौकोनात जागा पुरली नाही तर द्वादशीत घुसायची. एकदा संध्याकाळपर्यंत चारच दांडे झाले, तर मला भरल्या ताटावरून उठवलं. "आई, आधी पाज." सासूबाई गालातल्या गालात हसल्या. पाण्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

रत्नागिरीला माहेरी गेलेली मुंबईकर

मला मऊभात, मेतकूट, तूप. लेकासमोर हापूसची अढी. आजी म्हणे, आंब्यानं बाळाच्या पोटात दुखतं. (डॉक्टर म्हणाल्या खुशाल खा, पण माहेरी डॉक्टरांचं चालत नाही.) सहा वर्षांच्या लेकाला माझी दया आली. त्यानं रात्री एक फोड आणून माझ्या उशीखाली ठेवली आणि सांगायला विसरला. पहाटे दुपट्यापर्यंत मुंग्यांची रांग! बाळाला चावल्या नाहीत, पण लेकाला ओरडा पडला. नंतर मी त्याला मोरीत नेऊन आम्ही दोघांनी एक अख्खा आंबा संपवला.

एक बाबा

केंद्र सरकारी नोकरीत पितृत्व रजा 15 दिवस. ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते, म्हणून सासूबाई परत गेल्यावर मे महिन्यात घेतली. बाळाला माझी गरज नव्हती. गरज चौथीतल्या मुलीला होती. रोज सहाला सायकल, अकरानंतर पत्ते. आईची रजा 26 आठवड्यांची हे कळल्यावर तिनं पत्त्यांच्या गुणांच्या वहीत हिशेब केला: 182 वजा 15. उत्तराखाली दोन रेघा मारून वही माझ्याकडे सरकवली.

सोलापूर जिल्ह्यातली, वय आता साठीपुढे

1973 चा उन्हाळा. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आई खडी फोडायला जायची. मी नऊ वर्षांची. भाऊ तीन महिन्यांचा. रस्त्याच्या कडेला बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली, दोरी माझ्या हातात. सावली सरकली की झोळी सोडायची, दुसऱ्या फांदीला बांधायची. सुट्टी होती का, शाळा होती का, आठवत नाही. आई दुपारी एकदा पाजायला यायची. मुकादमाला ते खपत नसे. एकदा ती आलीच नाही. पोर रडून रडून काळंनिळं झालं. दुष्काळी कामावर वाटायचे ती सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक पीठ, माझ्या वाट्याची फडक्यात होती. मी ती घागरीतल्या पाण्यात कालवली आणि बोटानं चाटवली. गप झाला. रात्री त्याला जुलाब लागले. आई म्हणाली, ऊन बाधलं. मी काही बोलले नाही. चार दिवसांनी सावरला. आता तो आजोबा झालाय. आई गेली, तिला कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मेलबर्नहून

आमचा उन्हाळा डिसेंबरात. मुलाची शाळा सुटली आणि आठवड्यात बाळ आलं. भारतातून आलेली आई बाळाला टोपडं घालायची, घरी तपासायला आलेली नर्स काढायची. झोपताना डोकं झाकू नका म्हणायची. नर्स गेल्यावर ते काम मुलानं घेतलं. पाच टोपडी सोफ्याखाली सापडली.

ठाण्याहून

आमची थोरली तेरा वर्षांची. दुसरं बाळ येणार कळल्यावर महिनाभर अबोला होता. वर सोलापूरच्या ताईंनी लिहिलंय ते वाचून थांबले होते, म्हणून उशिरा लिहितेय. आम्ही तिला काहीच सांगितलं नाही, लंगोटाची घडीसुद्धा नाही. ती पोहायला जायची, मैत्रिणींकडे राहायची. नातेवाईक म्हणाले, लाडावून ठेवलंय. असेल. जुलैत बाळाला 14 आठवड्यांची इंजेक्शनं होती, तेव्हा शाळा बुडवून सोबत आली आणि सुई टोचताना तीच बाहेर पळाली.

धागा काढणारी

सगळं वाचलं. सुकडीचं दोनदा वाचलं.

आमच्याकडे शूचं कॅलेंडर सुरू केलं. थोरल्यानं पट्टी लावून तक्ता आखला, लाल-निळे रंग ठरवले. तीन दिवसांनी त्याला कंटाळा आला. आता दांडे मी मारतेय.